एकाखाली एक दोन तारखा

मी सहा वर्षं लोकांना एकच प्रश्न विचारत फिरलो. "घरात कोणाला ताप?" दिवसाकाठी पन्नास-साठ दारं, प्रत्येक दारात तोच प्रश्न, आणि जवळजवळ प्रत्येक दारातून तेच उत्तर, "नाई." एवढ्या वेळा नाही ऐकल्यावर माणूस एक तर साधू होतो, नाहीतर चिडका. मी साधू झालो नाही.

साठ सालानंतरचे ते दिवस. देशातून मलेरिया कायमचा घालवायचा असं सरकारनं ठरवलं होतं आणि त्यासाठी माझ्यासारखी मॅट्रिक झालेली पोरं सायकलवर बसवून खेड्यापाड्यांत सोडून दिली होती. अकोल्याला थोडे आठवडे ट्रेनिंग झालं. बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब कसा पसरवायचा, तापाच्या माणसाला किती गोळ्या द्यायच्या, रजिस्टर कसं भरायचं, एवढं शिकवलं. मग भातकुलीच्या पुढची नऊ गावं माझ्या गळ्यात टाकली. दर पंधरा दिवसांनी त्या गावांतल्या प्रत्येक घरी जायचं. ताप असेल तर रक्त घ्यायचं, नसेल तर भिंतीवर तारीख टाकून पुढं निघायचं.

भिंतीवर म्हणजे घराच्या आतल्या भिंतीवर. माझ्याजवळ पत्र्याचा एक साचा असे. त्यावर गेरू फासला की भिंतीवर चौकट उठायची, चौकटीत ओळी, आणि दर खेपेला एका ओळीत जाड निळ्या पेन्सिलीनं तारीख आणि सही. चौकट दाराच्या आतच छापायची असा नियम होता. बाहेर छापली तर कामचुकार माणसं रस्त्यावरूनच सही ठोकून पुढं सटकतील, हे वरच्या लोकांना चांगलं माहीत होतं. तेव्हा तारीख टाकायची म्हणजे उंबरठा ओलांडणं आलं. साहेब कधीही अचानक येऊन भिंती बघत. एकाखाली एक तारखा दिसल्या तर माणूस काम करतो, नाही दिसल्या तर घरी बसतो. आमची हजेरी लोकांच्या भिंतींवर लागत होती.

आमचं घर अमरावतीत, दोन खोल्यांचं. बाप माझ्या लहानपणीच गेला. आई जिनिंग कारखान्यात, म्हणजे जिनात, कापूस निवडायला जायची. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, पण त्याआधी कोण होतो ते खेड्यात न सांगताही कळत होतं. सरकारी शिक्क्याचा कागद आमच्या घरात माझ्यामुळं पहिल्यांदा आला. नोकरी टेंपररी होती, दर सहा महिन्यांनी नवी ऑर्डर निघे, आणि आई प्रत्येक ऑर्डर पेटीत लुगड्याच्या घडीखाली ठेवी. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता.

माझ्या नऊ गावांपैकी एका गावाच्या शेवटाला, नाल्याच्या काठी, एका म्हातारीचं घर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. काळ्या जमिनीचं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेलं, एकुलता मुलगा अकोल्याला कारकून, घरात ती आणि दारात एक म्हैस. गाव तिला बुढी म्हणे. मी आजी म्हणत असे. माय म्हणणं जड गेलं असतं.

पहिल्या खेपेला ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मी ताप विचारला.

"कोणाले नाई," ती म्हणाली. "मी येकटीच हाये."

मी आत जाऊन चौकट छापली, तारीख टाकली. बाहेर आलो तर ती सूप थांबवून माझ्याकडं बघत होती.

"कोणाचा रे तू?"

मी गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. तिनं पुन्हा सूप हलवायला सुरुवात केली.

पंधरा दिवसांनी गेलो तर चौकट नव्हती. सगळी भिंत जुनी, धुरानं काळवंडलेली, आणि चौकटीची वीतभर जागा तेवढी नव्या मातीनं पोतारलेली. खाली पाहिलं. दारापासून त्या भिंतीपर्यंत, माझी पावलं पडली असतील तेवढाच पट्टा शेणानं सारवलेला. बाकीची जमीन तशीच. हे कळायला मॅट्रिकची गरज नव्हती.

मी पुन्हा चौकट छापली. पुढच्या खेपेला ती पुन्हा गायब. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळेला माझं डोकं फिरलं. चांगलं पुस्तकी बोलायचं ठरवून मी ओट्यासमोर उभा राहिलो.

"आजी, ही सरकारी खूण आहे. ती पुसायची नसते."

"भित कोणाची हाये?"

"तुमची."

"मंग?"

"मी वर तक्रार करीन."

"कर ना बापा. लिव्ह. बुढी आपली भित पोतारते म्हून लिव्ह. कोनता जज मले फाशी देते ते पाहू."

पुस्तकी भाषा माझी तिथंच संपली. "पन काहून पुसता? मले सांगा त."

"तुले मालूम नाई?" तिनं विचारलं, आणि ज्वारीतला खडा काढून फेकला.

मला मालूम होतं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तेवढंही तिनं दिलं नाही. परतीच्या वाटेवर मी सायकल अशी हाणली की चेन दोनदा पडली.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मला वाटलं, ती माझ्यापेक्षा जास्त भडकेल. तिचा हात थांबलासुद्धा नाही.

"भित तिची हाये, काम तुयं हाये," ती म्हणाली. "तू तुयं कर."

"हे काम आहे का? मी लिहायचं, तिनं पुसायचं?"

"मी जिनात दिवसभर कापसातला कचरा येचतो. दुसऱ्या दिवशी तितकाच कचरा. म्हून येचाचाच नाई काय?"

आईची ही बोलणी मला तेव्हा फार वैताग आणायची. माणसाला न्याय हवा असतो आणि घरचे त्याला भाकरी वाढतात. मी जेवलो आणि झोपलो, कारण सकाळी सात वाजता पुन्हा निघायचं होतं.

तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, पण आमच्याकडं साचलं तरी ते खारटच निघायचं. उन्हाळ्यात बाटलीतलं गोडं पाणी दुपारपर्यंत संपे, मग संध्याकाळपर्यंत जीभ टाळूला चिकटलेली. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा सायकलच्या चाकात असा भरे की चाक फिरणं बंद, मग सायकल खांद्यावर घेऊन चालायचं. लोक बांधावरून हसत. "काय तापवाले, आज सायकल तुमच्यावर बसली काय?" मीही हसत असे. पहिल्या वर्षी खरं हसू यायचं, नंतर नुसते दात दिसायचे.

आणि या सगळ्यातून काय निघत होतं? काही नाही. अधूनमधून कोणाला सर्दी-पडशाचा ताप निघे, मी बोट टोचून काचपट्टी पाठवी, आणि उत्तर येई, निगेटिव्ह. अकोल्याच्या ऑफिसात भिंतीवर एक नकाशा होता. जिथं मलेरिया सापडेल तिथं लाल टाचणी. आमच्यातला एक जण डोंगर-जंगलातल्या धारणीकडं होता. त्याच्या भागात टाचण्यांचं रान माजलं होतं. मीटिंगमध्ये साहेब त्याच्याशी अर्धा अर्धा तास बोलत, जीप पाठवत, पाठ थोपटत. माझ्या नऊ गावांवर एकही टाचणी नव्हती आणि माझ्याशी बोलण्यासारखं कोणाजवळ काही नव्हतं. ज्याच्या गावात ताप तो कामाचा माणूस, असा तो उफराटा हिशोब. धारणीवाला बिचारा स्वतःच दोनदा तापानं पडला होता, तरी मला त्याचा हेवा वाटायचा. लाज वाटते आता सांगताना.

प्रश्न विचारून विचारून जीव इतका कंटाळला की मी लोकांची बारीकसारीक कामं करू लागलो. चांगुलपणाचा आव आणत नाही. माझ्या कामात देण्यासारखं काहीच नव्हतं, आणि रिकाम्या हातानं दारात उभं राहणं मला जड जायला लागलं होतं, एवढंच. कोणाचं पोस्टकार्ड वाचून दाखव, कोणाला अमरावतीहून सुईदोरा आणून दे, एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत त्याच्या सुनेऐवजी औषधाचे थेंब घाल, कारण तिचा हात थरथरायचा. हळूहळू लोक दार उघडायच्या आधीच सांगू लागले, "ताप नाई, पन बसा." त्या बसण्यानं पाय जरा मोकळे होत.

म्हातारीच्या घरी कोणी बसा म्हणालं नाही. तरी तिच्या बाबतीतही मला एक सवय लागली. नाल्याच्या पलीकडूनच मी सायकलची घंटी वाजवत यायचो, म्हणजे तिला पाण्याचा माठ आणि भाकरीची टोपली आतल्या खोलीत नेऊन ठेवायला वेळ मिळे. नाहीतर माझी सावली पडली म्हणून ते पाणी ती ओतून देई, आणि गोडं पाणी तिला दोन शेतं ओलांडून आणावं लागे. या घंटीला समजूतदारपणा म्हणावं की लाचारी, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

एका दिवाळीच्या तोंडावर ती कार्ड हातात घेऊन दारातच उभी होती. गावातला मास्तर सुट्टीवर गेलेला. तिनं कार्ड ओट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकली. मी उचललं. मुलानं लिहिलं होतं, यंदा येणं जमणार नाही, बायकोच्या माहेरी जायचं आहे, म्हशीचं तूप कोणाबरोबर तरी पाठव. मनात आलं, हेच वाक्य चांगलं ठणकावून वाचावं. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हळू वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"तब्येत कशी हाये म्हून लिवलं काय?" तिनं विचारलं.

लिहिलेलं नव्हतं. "लिवलं हाये," मी म्हणालो. "खाली बारीक अक्षरात."

मग आत जाऊन तारीख टाकली, आणि पंधरा दिवसांनी आलो तर भिंत स्वच्छ पोतारलेली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

या भानगडीत माझी नोकरी जायची वेळ आली. नवे साहेब आले होते, पुण्याकडचे, टापटिपीचे. त्यांनी एकदा माझ्या माघारी गावात येऊन भिंती पाहिल्या आणि मला ऑफिसात बोलावलं.

"नाल्याकाठच्या घरात तुमची एकही तारीख नाही. चौकटसुद्धा नाही."

मी म्हणालो, "सायेब, मी जातो, बुढी पुसते. म्या मागच्या सायबालेही सांगतलं होतं."

माझं बोलणं त्यांना उद्धट वाटलं असावं. आमचं साधं बोलणंही तिकडच्या कानांना भांडण वाटतं. ते म्हणाले, "कामचुकार माणसाची भिंत नेहमी पोतारलेलीच असते. डासांसाठी डीडीटी फवारलेली भिंत पोतारू द्यायची नाही हे लोकांना समजावणं तुमचंच काम आहे. पुढच्या तपासणीला त्या घरात एकाखाली एक दोन तारखा दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर मी तुमची ऑर्डर वाढवणार नाही."

एकाखाली एक दोन तारखा. त्यांना एवढंच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही दोन वर्षं एवढंच हवं होतं. नोकरीसाठी तर हवंच होतं. पण माझ्या हातची एक तारीख त्या भिंतीवर पंधरा दिवस टिकावी, हे मला त्याहून जास्त हवं होतं.

पुढच्या खेपेला मी तिला विनवलं. सायकलवर येताना वाक्य घोकलं होतं, ते निघालं वेगळंच.

"आजी, या खेपेले पुसू नका. मायी नोकरी जाईन. घरी माय हाये, तिचे हात आता जिनात चालत नाईत."

तिनं ऐकून घेतलं. मग सूप पुढं ओढून घेतलं. मी तारीख टाकली, नेहमीपेक्षा ठळक. पंधरा दिवसांनी दारातूनच मला नव्या मातीचा वास आला.

त्या दिवशी मी संपलो. चौकट पुन्हा छापली खरी, पण हात कोणा दुसऱ्याचाच असल्यासारखा. आईला काही सांगितलं नाही. ऑर्डर संपायला पाच आठवडे होते, तेवढे दिवस मी मोजून काढायचे ठरवले. तरी एकही खेप चुकवली नाही. निष्ठा वगैरे काही नव्हती, दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

पोळा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. साहेबांची जीप चिखलामुळं गावाबाहेर थांबली आणि ते माझ्यासोबत पायी नाल्यापर्यंत आले. म्हातारी ओट्यावर होती. साहेब आत डोकावले. भिंत पोतारलेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रजिस्टर उघडलं आणि रीत म्हणून तिला विचारलं, "आजी, हा माणूस तुमच्या घरी येतो का?"

ती माझ्याकडं बघू लागली. एवढा वेळ तिनं माझ्याकडं कधीच पाहिलं नव्हतं. तिनं 'नाई' एवढंच म्हणायचं होतं, की तिची भिंत माझ्या हातून जन्मभरासाठी सुटली असती. मी जमिनीकडं पाहत उभा राहिलो.

"येते," ती म्हणाली.

"कधी येतो?"

"दर पंधरा दिवसानं. पोयाच्या दुसऱ्या दिवशी आला होता. त्याच्या आंधी राखीच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या आंधी जिवतीच्या आवसेच्या. उन्ह असो का पानी असो."

साहेबांनी रजिस्टरमधल्या तारखा पाहिल्या. "तुम्हाला एवढं कसं लक्षात राहतं?"

"मले नाई राहीन त कोणाले राहीन? हा गेला का मले भित पोतारा लागते, जमीन सारवा लागते. खांदे दुखतेत माये. यानं येकही खेप चुकवली नाई, म्हून मलेही चुकवता आली नाई."

हे तिनं मान खाली न घालता सांगितलं, शेतातल्या कामाबद्दल बोलावं तसं. साहेब हसले, आणि रजिस्टरमध्ये 'खात्री झाली' असं लिहून खाली सही केली. परत जाताना ते जीपपर्यंत माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. नोकरी वाचली होती, आणि कानशिलं अशी तापली होती की कोणी माझंच बोट टोचायला हवं होतं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई बराच वेळ लुगड्याच्या पदराशी चाळा करत बसली.

"तिनं खोटं सांगतलं असतं त तिचं काय गेलं असतं?" ती म्हणाली.

"म्हणजे आता तिचे उपकार मानू?"

"मी कुठं म्हनलं? तिनं खरं सांगतलं, येवढंच म्हनलं."

त्या रात्री, आणि नंतरही पुष्कळदा, मी हे तराजूत घालून पाहिलं. एका पारड्यात तिचं पोतारणं, एका पारड्यात तिचं खरं बोलणं. काटा कधी स्थिर झाला नाही. शेवटी मी तराजूच बाजूला ठेवला.

वर्षभरानं अकोल्याहून परमनंटची ऑर्डर आली. आईनं ती पेटीत ठेवली आणि जिनात जाणं सोडलं. माझं काम तेच राहिलं. तीच नऊ गावं, तोच प्रश्न, त्याच निगेटिव्ह काचपट्ट्या. म्हातारीच्या घरी मी तारीख टाकत राहिलो, ती पुसत राहिली. मी रागावणं सोडून दिलं होतं असं नाही. रोज उठून रागावायला जी ताकद लागते ती सायकल खाऊन टाकत होती. एकदा तिनं विचारलं, "परमनंट झाला म्हन्तेत?" मी हो म्हणालो. "बरं झालं," ती म्हणाली, आणि शेणाची बादली घ्यायला उठली.

सहाव्या वर्षी, हिवाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. नाल्यापलीकडून घंटी वाजवत आलो. ओट्यावर ती नव्हती, म्हशीकडं गेली असेल असं वाटलं. आत पाऊल टाकलं, पेन्सिल काढली, आणि थबकलो. भिंतीवर चौकट होती. चौकटीत मागच्या खेपेची माझी तारीख होती, माझ्या सहीसकट.

मी तिच्याखाली नवी तारीख टाकली. एकाखाली एक, दोन. दोन पावलं मागं सरकून पाहिलं. कोणी बघत नव्हतं म्हणून सांगतो, माझे डोळे भरून आले. सहा वर्षांचे गारे, खारं पाणी, पडलेली चेन, सगळं त्या दोन ओळींत वसूल झालं असं वाटलं. वाटलं, अखेर बुढी वितळली. आईला आज सांगायचं.

"कोन?" आतल्या खोलीतून आवाज आला. "तापवाला काय?"

ती बाजेवर पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाशी ठेवून दिल्यासारखा.

"तू मांगं गेला त्याच दिशी पडली," ती म्हणाली. शब्द लोळत होते, पण कळत होते. "उजवी बाजू गेली. पुतन्याची बायको भाकर आनून देते. पोऱ्याले कार्ड टाकलं हाये." मग जरा थांबून, काम राहून गेलेल्या माणसाच्या ओशाळ्या आवाजात म्हणाली, "भित राहून गेली रे. हात उचलत नाई."

बाहेरच्या खोलीत मी जे काही जिंकलो होतो ते आतल्या खोलीत येईपर्यंत संपलं. मी रजिस्टर काढलं, कारण हातात काहीतरी हवं होतं.

"ताप हाये काय?"

"नाई." ती छताकडं बघत होती. "इतके वर्स आला तू. या गावात येकदा तरी निघाला काय तो तुया ताप?"

"येकदाही नाई."

"मंग कायले येत होता?"

हा प्रश्न साहेबांनी कधी विचारला नव्हता, मीही स्वतःला धड विचारला नव्हता. "निघू नये म्हून," मी म्हणालो.

तिनं डावा हात उजव्या हातावर ठेवला.

"मी बी त्याच्यासाठीच पोतारत होती," ती म्हणाली.

मला ते समजायला थोडा वेळ लागला. तिनं मला तापाच्या रांगेत बसवलं होतं. घरात येऊ नये म्हणून ज्याच्यासाठी हात झिजवायचे, असं काहीतरी. बोलण्यात विखार नव्हता. दोन माणसं आपापल्या कष्टांबद्दल बोलतात तशी ती बोलली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मी पिशवी खांद्याला लावली.

"मले जरा उठवून बसव," ती म्हणाली. "पाठीले रग लागली लय."

मी उभा होतो. राग होता, अगदी पहिल्या दिवशीचा होता तसाच. तो मी सोडला नाही, आजही सोडलेला नाही. पिशवी खाली ठेवली, एक हात तिच्या मानेखाली घातला, एक पाठीखाली, आणि तिला उचललं. अंगात काहीच उरलं नव्हतं. पाठीमागं गोधडीची घडी लावली, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. माठातलं पाणी गडव्यात घेऊन तिच्या डाव्या हाताशी धरलं. तिनं गडव्याकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं, आणि पाणी प्याली.

पुढची खेप पंधरा दिवसांनी होती. मी चौथ्याच दिवशी त्या बाजूला गेलो. घंटी वाजवली नाही. रजिस्टर घरीच ठेवलं होतं, त्यात अशा खेपेसाठी रकाना नव्हता. ती बाजेवर कुशीवर घसरलेली होती, आणि भाकरीचं ताट हात पोचणार नाही असं ठेवलेलं होतं.

"आज तुयी पाळी नाई ना रे?" तिनं विचारलं.

"नाई," मी म्हणालो, आणि तिला उठवून बसवलं.